काकांचे किस्से ऐकून झाले, आता हिशेब विचारा

प्रश्न: मुलगा सांगलीत इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बेस गिटार वाजवतो. त्याचे काका पुण्यात तीस वर्षं रॉक बँडमध्ये होते. गणपतीत घरी आले आणि रात्रभर जुने किस्से सांगत बसले. हल्ली कमी ऐकू येतं, उजव्या बाजूला बसूनच बोलावं लागतं, पण म्हणतात, "वहिनी, मला कसलाच पश्चात्ताप नाही." तेव्हापासून पोरगा कॉलेज सोडायचं म्हणतोय. काय करू?
– एक आई, विश्रामबाग

ताई, तुमचे दीर खोटं बोलत नाहीत. पण जे टिकले तेच किस्से सांगायला येतात. तिसऱ्या वर्षी गिटार माळ्यावर टाकून बँकेत लागलेल्याला कोण विचारतं?

म्हणून मुलाशी वाद घालू नका, त्याला काकांकडेच पुन्हा पाठवा. या खेपेला हिशेब विचारायला. घरभाडं कशातून निघायचं? गाडीचं आणि साउंडवाल्याचं देऊन, उरलेलं सगळ्यांत वाटल्यावर हातात काय यायचं? भांडणं पैशावरून झाली की स्वभावावरून? आणि गाण्यांवर नाव कुणाचं लागलं?

हा शेवटचा प्रश्न पोरं कधीच विचारत नाहीत. गाणं तालमीत सगळे मिळून रचतात, नोंद मात्र एकाच्या नावावर होते. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी कुणाला लिहून घेता येत नाही. आयपीआरएससारखी संस्था ती रॉयल्टी सभासदांना वाटते. पण नोंदीत नावच नसेल तर त्या कायद्याचा काय उपयोग? दोस्ती घट्ट आहे तोवरच कोणत्या गाण्यात कुणाचा किती वाटा, हे कागदावर आणायला सांगा.

दिरांच्या कानाचं कारण डॉक्टरच सांगू शकतील, पण ते वाक्य वाचून मी थांबलो. अमेरिकेतल्या नियोश या संस्थेच्या मर्यादेनुसार १०० डेसिबलचा आवाज दिवसाला जेमतेम १५ मिनिटं सोसावा. बंद खोलीत ड्रम आणि अँप सुरू झाले की तालीम तासन् तास चालते. परवानगीचं नंतर बघू, वादकांसाठीचे इअरप्लग आधी घ्या.

डिग्रीचं म्हणाल तर ती पूर्ण करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. 'लोक काय म्हणतील' हे त्याचं कारण नव्हे. पुण्याच्या एफटीआयआयमधल्या ध्वनिमुद्रणाच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते आणि बारावीला फिजिक्स. शिवाय इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला बेसवादक लाइव्ह साउंड, गिटारचे पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग), अँपदुरुस्ती अशा कामांवर शो नसलेले महिने काढू शकतो. मिरज तर हाकेच्या अंतरावर. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. सुट्टीत एखाद्या कारागिराने बसू दिलं, तर तार, घोडी आणि भोपळा मिळून आवाज कसा घडतो हे त्याला हाताने कळेल.

'इंडियन ओशन' हा बँड १९९० मध्ये दिल्लीत सुरू झाला. त्यात बेस वाजवणारे राहुल राम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे पर्यावरणीय विषशास्त्रातले पीएचडी. हे उदाहरण पोराच्या तोंडावर फेकू नका हं, पीएचडीने बेस येत नाही हे त्यालाही कळतं. सहज बोलण्यात येऊ द्या.

कॉलेज सोडायचा विषय पाचव्या सेमिस्टरच्या निकालापर्यंत बाजूला ठेवा. तोवर शनिवार-रविवारचे शो अडवू नका. बॅकलॉग राहिला तर तो निघेपर्यंत शो बंद, ही अट मात्र त्याच्याच हाताने लिहून घ्या.