जुनी बोट घेताना आधी मागची फळी ठोका

भाऊ, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर घरच्यांना फिरवायला जुनी फायबर बोट घेताय, तर रंगाच्या चकाकीला भुलू नका. इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगलेलं असतं, ती हातोडीच्या दांड्यानं इंच इंच ठोका. आवाज टणक आला तर ठीक. बद्द आला तर आतलं प्लायवूड कुजलंय, आणि ते बदलताना तुमचं सगळं बजेट जाईल. अशी बोट स्वस्तातही घेऊ नका. तळातले लांबीनं जाणारे लाकडी आधारही तसेच तपासा. गिअर ऑइल दुधाळ दिसलं म्हणजे सीलमधून पाणी शिरलंय. इंजिन थंड असताना, पाण्यात उतरवूनच सुरू करायला लावा. कोरडं चालवलं तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं रबर जळतं. भावाची घासाघीस यानंतर. लेकरांची लाईफ जॅकेटं मात्र त्याच पैशांत बसवा, नंतर घेऊ म्हणू नका.