हेवर्ड्स ५००० मधलं ५००० म्हणजे अल्कोहोल का, आणि गोव्यात १८ ला मिळते तशी पुण्यात मिळेल का?

नाही, ५००० हे फक्त नाव आहे, अल्कोहोलचं माप नाही, आणि १८ व्या वर्षी पुण्यात कायद्याने बीअर मिळत नाही. नॉकआउट, गॉडफादर, थंडरबोल्ट, सगळ्यांचं तेच, नाव दणदणीत ठेवतात कारण बाटली स्ट्रॉंग आहे हे गिऱ्हाइकाला लांबूनच कळायला हवं. खरा आकडा लेबलवर बारीक अक्षरात असतो, बाटली फिरवून बघ. देशभरच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ५ टक्क्यांपर्यंत माइल्ड आणि त्यावर ८ टक्क्यांपर्यंत स्ट्रॉंग, ५००० स्ट्रॉंगमध्ये येते.

वयाचं म्हणशील तर दारू हा विषय राज्यघटनेनेच राज्यांकडे दिलाय, म्हणून सीमा ओलांडली की नियम बदलतो:

- गोवा: १८
- महाराष्ट्र: माइल्ड बीअर २१, स्ट्रॉंग बीअर आणि हार्ड दारू २५, शिवाय परमिट लागतं
- गुजरात: दारूबंदी

मी बीअर शॉपीच्या काउंटरवर काही वर्षं काढलीत, रोज हाच प्रश्न यायचा आणि २१-२२ ची पोरं स्ट्रॉंग मागायची, तेव्हा सांगावं लागायचं की बाबा तुझ्या वयाला माइल्डच.

फक्त एक लक्षात ठेव, २१ म्हणजे अख्खा महाराष्ट्र नाही, वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे (चंद्रपूरची २०२१ ला उठली). आणि गोव्याहून येताना स्वस्त पडते म्हणून बॅगेत बाटल्या भरू नकोस, त्यांच्यावर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलं असतं आणि विनापरवाना महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे.