सोलापुरात राहून ऑल-व्हील-ड्राइव्ह मिनीव्हॅनचा हलका कॅम्पर करता येईल का?

तुम्ही विचारलंय की परदेशात लोक चारही चाकांना ताकद जाणारी मिनीव्हॅन घेतात, तिच्यात बिछाना, पंखा, थोडं सामान बसवतात आणि आडवाटेला मुक्काम करतात. तसं सोलापुरात राहून नवरा-बायको दोघांसाठी करायचं तर गाडी कोणती घ्यावी आणि सुरुवात कुठून करावी? चार वर्षांपूर्वी मीही हेच विचारत फिरत होतो. आता आमच्या मारुती ईको व्हॅनमध्ये वर्षाला दहा-बारा रात्री तरी मुक्काम होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही पाहिलेली गाडी बहुतेक टोयोटा सिएना किंवा मित्सुबिशी डेलिका असणार. सिएना २०२१ च्या मॉडेलपासून फक्त हायब्रिड येते. तिच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह प्रकारात मागच्या चाकांना वेगळी इलेक्ट्रिक मोटर असते, पुढून मागे जाणारा शाफ्टच नसतो. या दोन्ही आपल्या शोरूममध्ये मिळत नाहीत. आपल्याकडच्या एर्टिगा, कॅरेन्स, हायक्रॉस पुढच्या चाकांवर चालतात. क्रिस्टा आणि ईको मागच्या. चारही चाकं हवीच असतील तर गुरखा किंवा स्कॉर्पिओ-एनकडे जावं लागतं, पण त्या काही मिनीव्हॅन नव्हेत. माझं मत विचाराल तर आपल्या भागात त्यासाठी अडून बसू नका. का, ते सांगतो.

पहिल्याच वर्षी ऑक्टोबरात, परतीचा पाऊस होऊन गेल्यावर, आम्ही उजनी धरणाच्या पाण्याकडे गेलो. डांबरी सोडून एका शेताच्या कडेनं जेमतेम पन्नास पावलं आत घातली असेल गाडी. वरून रान वाळलेलं दिसत होतं. मागची चाकं फिरायला लागली आणि गाडी जागची हलेना. उतरून पाहिलं तर टायरच्या नक्षीत काळी माती ठासून बसलेली, चाक गुळगुळीत गोळ्यासारखं झालेलं आणि मडगार्डच्या आत बोट जाईल एवढीही फट उरलेली नाही. माझ्या चपलेला खालून एवढी माती की पाय उचलेना. शेतमालक मामांनी ट्रॅक्टर आणला, पण रानात घातला नाही. मुरमाच्या रस्त्यावर उभा केला आणि दोरानं ओढलं. म्हणाले, "पाऊस झाल्यावर दोन-तीन दिस आम्ही बैलगाडीबी काळ्या रानात घालत नाही, तुम्ही मोटार घातली!"

तिथं माझ्याकडे ऑल-व्हील-ड्राइव्ह असती तर दोनऐवजी चार चाकं गुळगुळीत झाली असती. ओल्या काळ्या मातीत टायरची नक्षी भरली की ताकद किती चाकांना जाते याला फारसा अर्थ राहत नाही. तेव्हापासून मी आधी चालत जातो आणि टाच जमिनीत दाबून बघतो. माती चपलेला चिकटली तर गाडी रस्त्यावरच. मुक्काम मुरमाड माळावर किंवा खडकाळ जागी करायचा. आपल्याकडे माळरानाला तोटा नाही. जवळ एक फावडं, पंधरा मीटरचा जाड दोर, हवा भरायचा छोटा पंप आणि प्रेशर गेज असलं की पुष्कळ झालं.

आता खरा मुद्दा, वजन. मी पहिला पलंग लोखंडी अँगल आणि १९ एमएम प्लायचा केला होता. आठ बाय चारची तसली एक शीटच ३५ किलोच्या आसपास भरते. त्यात ड्रॉवर, ओटा, पाण्याची टाकी असं सगळं हौसेनं घातलं. तुळजापूरच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर रडायला लागली आणि प्रत्येक खड्ड्यात मागचं बूड आपटू लागलं. परत आल्यावर मार्केट यार्डाच्या बाजूला कांद्याच्या ट्रकांच्या रांगेत उभा राहून वजनकाट्यावर गाडी तोलली. नंतर रिकामी करून पुन्हा तोलली. नुसत्या फर्निचरचा फरक ११० किलो निघाला! पावती हातात घेऊन मी तिथंच ठरवलं की हे सगळं उपसून टाकायचं.

आताची मांडणी अशी: स्लायडिंग खिडक्या करणाऱ्या कारागिराकडून ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची घडीची चौकट, तिच्यावर १२ एमएम प्लायच्या तीन फळ्या, आणि गादीऐवजी फोमचे तीन तुकडे. कापसाची गादी दमट होते, जडही असते. चौकट, फळ्या आणि फोम मिळून पलंग पंचवीस किलोच्या आत बसतो आणि दोघं मिळून वीस मिनिटांत लावतो. अंथरायला-पांघरायला आपली सोलापुरी चादर. पाणी वीस लिटरचा एकच कॅन, कारण वीस लिटर म्हणजे वीस किलो. पाच माणसांची गाडी आहे, म्हणजे साधारण सव्वातीनशे किलो माणसं धरलेली असतात. त्यात आपण दोघं आणि सगळं सामान बसलं पाहिजे, असा हिशेब ठेवा.

पलंग सुटा ठेवण्याचं दुसरं कारण कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. त्यामुळे छत कापून वर उचलणारा टप बसवणं, बॉडीला वेल्डिंग करणं, सीट कायमच्या काढून टाकणं या वाटेला जाऊ नका. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो. आमच्या गाडीला एकही नवीन भोक नाही. आईला दवाखान्यात न्यायचं असतं, भाच्यांना शाळेत सोडायचं असतं, म्हणून मागची सीट सोमवारी सकाळी परत जागेवर असते. तुम्हाला आसनसंख्येत बदल करायचाच असेल तर आधी आरटीओची लेखी परवानगी घ्या, मग पान्याला हात लावा.

उकाड्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही, पण आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण तीच. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. गाडी थांबवल्यावर तासभर तरी तिथून ऊब वर येत राहते. म्हणून पोचल्या-पोचल्या झोपायचं नाही. दोन्ही बाजूंचे सरकते दरवाजे आणि मागचा दरवाजा उघडून वारा खेळू द्यायचा. शिंप्याकडून मच्छरदाणीचं कापड मापानं शिवून घ्या आणि कडेच्या दुमडीत छोटे चुंबक घाला. पत्र्याला ते आपोआप धरतात, आणि दरवाजा उघडा ठेवून झोपता येतं. १२ व्होल्टचा, वीस वॉटचा पंखा आठ तास चालला तर १६० वॉट-अवर लागतात. ५० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण ६४० वॉट-अवर देते, म्हणजे दोन रात्री पंखा, दिवा आणि मोबाइल आरामात. वजन सहा किलोच्या आसपास. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी उचलून गाडीत ठेवायचा मोह होईल, पण ती याच्या कितीतरी पट जड असते. उन्हाळ्यात मात्र ही बॅटरी उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका, घरात आणून चार्ज करा. खरं सांगायचं तर मार्च ते जून आम्ही जातच नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच आपला हंगाम.

शेगडी गाडीच्या आत कधीही पेटवू नका, पाऊस असला तरी. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. आम्ही शेगडीचं ओझंच कमी केलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि कांदा एवढ्यावर दोन दिवस निघतात. चहापुरता छोटा बर्नर, तोही बाहेर, आडोशाला.

पहिल्या मुक्कामाला लांब जाऊ नका. नळदुर्ग पन्नासेक किलोमीटरवर आहे. दिवसा किल्ला आणि पाणी महाल बघा, रात्री मात्र किल्ल्यात नाही, हायवेजवळच्या एखाद्या ढाब्याच्या आवारात मालकाला विचारून थांबा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मुक्कामाचा विचारही करू नका. त्या माळावर रात्री दिवे आणि माणसं नसलेलीच बरी. उजनीकडे गेलात तर शेतमालकाला विचारूनच उतरा, आणि पाण्याच्या अगदी काठाला गाडी लावू नका.

आणि तुमची उंची पाच फूट अकरा लिहिलीय, म्हणून एक कराच. गाडी घेण्याआधी ओळखीतल्या कुणाची तरी ईको मागा, पुढची सीट पुढे सरकवून मागच्या जागेत टेप लावा आणि खरोखर पाय पसरून झोपून बघा. मी पाच फूट सात आहे आणि मला जेमतेम पुरते. तुम्हाला पुढच्या सीटची पाठ वाकवून फळी तिच्यावर न्यावी लागेल. तेवढी चौथी फळी सुरुवातीलाच करून घ्या.