कलिनाला राहायची सोय: आधी पहिल्या दोन महिन्यांचं बघा

तुमचा प्रश्न असा आहे: पुतणी चिपळूणहून मुंबई विद्यापीठात कलिनाला एमएस्सी रसायनशास्त्राला येते आहे. वसतिगृहाचं अजून नक्की नाही. एजंटने दोन जागा दाखवल्या आहेत. वाकोल्यात तिघींच्या खोलीत एक कॉट, महिना ९,५०० आणि डिपॉझिट ३०,०००. दुसरी डोंबिवलीत, मैत्रिणींबरोबरच्या फ्लॅटमध्ये ५,००० वाटा. यातली कुठली घ्यावी?

माझं मत: आत्ता अकरा महिन्यांसाठी कुठलीच घेऊ नका. बाहेरगावच्या मुलांचे सर्वाधिक पैसे अडकतात ते याच टप्प्यावर. तासिका सुरू होतात, वसतिगृहाची यादी मागाहून लागते, आणि मधल्या काळात घाबरून लोक सहा महिन्यांच्या लॉक-इनवर (म्हणजे तेवढे महिने जागा सोडायची नाही या अटीवर) सही करतात. मग यादीत नाव आलं की डिपॉझिट सोडा, नाहीतर वसतिगृह सोडा. म्हणून पहिल्या दोन महिन्यांची सोय वेगळी आणि वर्षाची वेगळी धरा. दोन महिन्यांसाठी महिन्याच्या बोलीवर पेइंग गेस्ट घ्या, एका महिन्याचं डिपॉझिट, लॉक-इन नाही. दर थोडा जास्त पडला तरी चालेल. नातेवाईक असतील तर तेही दोन महिने आनंदाने ठेवून घेतील. वर्षभर ठेवणं दोन्ही बाजूंना जड जातं.

वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबर आपोआप होत नाही, तो वेगळा भरावा लागतो. प्रवेश नक्की झाल्याच्या दिवशीच चौकशी करा. त्याआधी एक गोष्ट तपासा: तिची जागा विद्यापीठाच्या कलिनातल्या विभागात आहे की एखाद्या संलग्न महाविद्यालयात? पदवी तीच असली तरी वसतिगृहाची पात्रता आणि रोजचा प्रवास दोन्ही त्यावर ठरतं. कागदांमध्ये प्रवेशाची पावती, गुणपत्रिका, गावाकडच्या पत्त्याचा पुरावा, जातीचा दाखला असल्यास तो, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि रॅगिंगविरोधी हमीपत्र तयार ठेवा. स्थानिक पालक म्हणून मुंबईतल्या कुणाचं तरी नाव लागतं. त्या माणसाला आधी विचारा, कारण रात्री-अपरात्री फोन त्यालाच जाणार. पहिल्या यादीत नाव नसेल तर पाठपुरावा सोडू नका. काही जण सोडून जातात आणि जागा रिकाम्या होतात.

आता डोंबिवली. वाचतात ४,५०० असं दिसतं, पण त्यातून रेल्वेचा पास आणि कुर्ल्याहून कलिनापर्यंतची बस किंवा रिक्षा वजा करा. वेळ त्याहून महत्त्वाचा. घर ते स्टेशन, फास्ट लोकल, कुर्ल्याला उतरून पुढची बस असं धरलं तर दिवसाचे तीन-सव्वातीन तास जातात, म्हणजे बावीस दिवसांचे जवळपास सत्तर तास. प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालणाऱ्या मुलीला हे परवडत नाही. परतीला कुर्ल्याला गाडी दादरहूनच भरून येते, चढायलाच मिळत नाही. पावसाळ्यात कुर्ला-सायन पट्ट्यात रुळांवर पाणी आलं की सगळंच ठप्प.

लांबचं घ्यायचंच असेल तर हार्बर रेल्वेमार्गावरचं वाशी, सानपाडा, नेरूळ बघा. गाडी थेट कुर्ल्याला येते. पश्चिमेकडे नालासोपारा-विरारचा विचार असेल तर सांताक्रुझला फास्ट थांबत नाही, अंधेरीला बदलावी लागते. मेट्रो ३ आता आरे ते कफ परेड पूर्ण धावते आणि सांताक्रुझ व वांद्रे कॉलनी ही स्थानकं कलिनाच्या अंगाला आहेत. त्यामुळे फोर्टच्या कँपसला किंवा तिथल्या ग्रंथालयाला जाणं सोपं झालं आहे, पण रोज मेट्रोने येणं विद्यार्थ्याच्या खिशाला जड जाईल. लोकलच्या पासात सवलत मिळते. त्याचा फॉर्म विभागाच्या कार्यालयातून घ्यायचा, राहत्या ठिकाणाजवळच्या स्टेशनचं नाव बरोबर टाकायचं आणि मुदत उलटायच्या आत खिडकीवर द्यायचा. मुदत थोड्याच दिवसांची असते.

वाकोला, कलिना गाव, कोळीवरी, कुर्ला पश्चिमेचा बैलबाजार, खेरवाडी हे जवळचे पर्याय. यातले बरेच भाग मिठी नदी आणि वाकोला नाल्याच्या कुशीत आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा याच पट्ट्यात पाणी घरांत शिरलं. तळमजल्याची खोली टाळा. घ्यावीच लागली तर शेजाऱ्यांना विचारा, जुलैत पाणी कुठवर येतं. खोली बघायला दुपारी जाऊ नका. रात्री नऊला बस थांब्यापासून चालत जा, रस्त्यावर दिवे आणि उघडी दुकानं आहेत का ते कळतं. नळाला पाणी किती वाजता येतं, टाकी किती लिटरची आणि किती जणींत, हे विचारा. वीज सबमीटरवर (मालकाच्या मीटरमधून पुढे काढलेल्या वेगळ्या मीटरवर) असेल तर युनिटचा दर लिहून घ्या. इथे गुपचूप जास्त दर लावला जातो. गॅस किंवा इंडक्शन चालेल का, तेही आधीच. नाहीतर सकाळचा चहासुद्धा बाहेर घ्यावा लागतो आणि डब्याचा हिशेब बिघडतो. डबा पहिल्यांदा आठवड्याचाच लावा आणि सुट्टीचे पैसे कापतात का, रविवारी रात्री डबा असतो का, ते ठरवून घ्या.

वसतिगृह मिळालं नाही आणि फ्लॅट घ्यावा लागला तर भाडेकरार नोंदणीकृतच हवा. "नोटरी पुरे" असं एजंट म्हणतील, ते ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला असणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. खर्चही फार नाही. समजा फ्लॅटचं भाडं २४,००० आणि डिपॉझिट १ लाख. अकरा महिन्यांचं भाडं २,६४,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांप्रमाणे धरलेलं व्याज मिळवायचं आणि एकूण रकमेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. हे सातशेच्या आसपास येतं. वर शहरात नोंदणी शुल्क १,००० आणि एजंटची फी. राहणाऱ्या सगळ्या मुलींची नावं करारात घाला, कारण नाव नसलेलीला डिपॉझिट मागायला जागाच उरत नाही. नोंदणीसाठी अंगठा देण्याआधी कराराच्या मसुद्यात दोन ओळी शोधा: लॉक-इन किती महिन्यांचं आणि नोटीस किती दिवसांची. लॉक-इन दोन महिने, नोटीस एक महिना, यापेक्षा जास्त मान्य करू नका. पोलिसांकडची भाडेकरू नोंदणी मालकाने करायची असते, पण त्याची प्रत मागून घ्या.

तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही, म्हणून हेही सांगतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातींसाठी स्वयम्, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला मुंबईत स्वाधारमधून वर्षाला ६०,००० मिळतात: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. उत्पन्नाची अट आहे, गुणांची आणि हजेरीचीही. भाड्याने राहत असल्याचा पुरावा लागतो, तिथे नोंदणीकृत करार कामी येतो. मात्र पैसे हप्त्यांनी आणि उशिरा येतात. त्यांच्या भरवशावर भाडं ठरवू नका, पहिलं सत्र घरच्या पैशांवर निघेल असंच धरा.

खोली ताब्यात घेताना भिंती, पंखे, गीझर, नळ यांचा व्हिडिओ करून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, मीटरच्या आकड्याचा फोटोही. डिपॉझिट रोख देऊ नका, बँकेतून द्या. सोडतानाही तसाच व्हिडिओ करा आणि किल्ली देण्याआधी शेवटच्या बिलाचा हिशेब लिहून घ्या.