म्हातारपणाची धास्ती घेऊ नका, ताई

ताई, सासूबाईंच्या डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, कळल्यापासून "उद्या माझंही असंच होणार" हे तुमच्या डोक्यातून जात नाहीये ना? अंगमेहनतीपेक्षा हा विचारच माणसाला जास्त पोखरतो. डिमेन्शिया मेंदूच्या आजारांमुळे होतो. वय वाढलं की जोखीम वाढते, पण प्रत्येकाला तो होत नाही. शेजारपाजारच्या ऐंशी ओलांडलेल्या, भाजीचा हिशोब तोंडी करणाऱ्या आज्यांकडेही बघत जा.

येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांच्या २००२ सालच्या अभ्यासात, स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने पाहणारी माणसं सरासरी ७.५ वर्षं जास्त जगल्याचं दिसलं. तो अभ्यास आपल्यासारख्या काळजी घेणाऱ्यांचा नव्हता, पण माझा अनुभवही त्याच दिशेचा आहे. "आता काय उरलंय यांच्यात" म्हणणारी माणसं लवकर खचतात.

उरलेलं असतं हो! संध्याकाळी आमच्या आई "मला घरी जायचंय" म्हणत दाराची कडी ओढायच्या. वाद घातला की आणखी चिडायच्या. मेथीची जुडी पुढ्यात ठेवली की बोटं आपोआप पानं खुडू लागायची, चेहरा निवळायचा. देठ पानांत मिसळले तरी बोलू नका, नंतर निवडा.

आणि नणंदेला रविवारी बसवून तुम्ही शिवाजी पार्कला फेरी मारून या. मागायला संकोच कसला? फारच घुसमट झाली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावा; मोफत आहे, मराठीत बोलता येतं.