युरोपियन युनियनचं बजेट सात वर्षांसाठी बांधलेलं असतं, मग मधेच मानवी संकट आलं तर पैसे कुठून येतात?

प्रश्नाखाली तुम्ही पुढे लिहिलंय, "आधीच मोठी रक्कम बाजूला ठेवली नाही म्हणजे नियोजनच चुकलं ना?" ते वाचून उत्तर लिहायला बसले. हेच वाक्य मी माझ्या मामांकडून ऐकलंय आणि त्याला नीट उत्तर देणं राहून गेलंय.

आधी पैसे कुठून येतात ते. युनियनच्या सात वर्षांच्या आराखड्यात प्रत्येक शीर्षाला, म्हणजे खर्चाच्या प्रत्येक मोठ्या गटाला, कमाल मर्यादा असते, दरवर्षीचं बजेट त्यातच बसवावं लागतं आणि ते तुटीचं ठेवता येत नाही. अचानक येणाऱ्या खर्चासाठी काही निधी या मर्यादांच्या बाहेर ठेवलेले असतात. 2014-2020 चा आराखडा 96,000 कोटी युरोंचा होता (2011 च्या किमतींनी). त्यात आपत्कालीन मदतीसाठी राखीव रक्कम होती वर्षाला 28 कोटी. लवचिकता निधी, म्हणजे आधी न ठरलेल्या खर्चासाठीचा पैसा, होता वर्षाला 47.1 कोटी. सीरियाच्या युद्धापुढे हे किती पुरणार? तुर्कस्तानातल्या निर्वासितांसाठी पहिल्या टप्प्यात 300 कोटी युरो उभे केले, त्यातले 200 कोटी सदस्य देशांनी नेहमीच्या वर्गणीशिवाय वेगळे दिले. मूळ आराखडा बदलायचा प्रस्ताव युरोपियन आयोगाने (युनियनचा कारभार चालवणारी संस्था) आणला सप्टेंबर 2016 मध्ये, तो मंजूर झाला जून 2017 मध्ये, कारण त्याला सगळ्या देशांचं एकमत लागतं आणि युरोपियन संसदेची संमतीही. मग 28 चे 30 झाले आणि 47.1 चे 60. माणसं होड्यांतून ग्रीसच्या बेटांवर उतरत होती ती 2015 मध्ये.

आता माझं. 2014 च्या हिवाळ्यात मी जॉर्डनची राजधानी अम्मानमध्ये एका मदत संस्थेचा हिशोब सांभाळत होते. जॉर्डनच्याच मफरकमध्ये, झातरी या निर्वासितांच्या छावणीच्या बाहेर भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या सीरियन कुटुंबांना आम्ही भाड्यासाठी आणि सोब्याच्या इंधनासाठी रोख पैसे द्यायचो. खोली गरम करायच्या शेगडीला तिकडे सोबा म्हणतात. यादीत 400 कुटुंबं होती. 1 डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने पैसे संपले म्हणून 17 लाख सीरियन निर्वासितांची अन्नकुपनं थांबवली. जगभरातून देणग्या आल्या आणि आठ-नऊ दिवसांत ती पुन्हा सुरू झाली. पण त्याच आठवड्यात आमच्या एका देणगीदाराचा हप्ता आला नाही. करार झालेला, सह्या झालेल्या, आमच्या वहीत रक्कम जमेला धरलेली. विचारलं तर उत्तर आलं: मंजुरी आहे, या वर्षीची रोकड संपली, फेब्रुवारीत बघू.

बँकेतल्या शिलकीत 260 कुटुंबं बसत होती. कुणाला वगळायचं ते तिघांनी बसून ठरवलं. पाच वर्षांपर्यंतचं मूल असेल तर ठेवा, घरात कमावता पुरुष नसेल तर ठेवा, आजारी माणूस असेल तर ठेवा. 140 नावांवर रेघ मी मारली. सीरियातल्या दरा शहरातून आलेल्या एक आजी दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या, घरमालकाशी केलेला भाडेकरार घडी घालून पिशवीत आणलेला. त्यांचा नातू सहा वर्षांचा होता. पाच नाही, सहा. जानेवारीत मफरकला बर्फ पडला, तेव्हा मी रोज त्या नातवाचा विचार करत होते.

सुट्टीत लातूरला आले तेव्हा हे मामांना सांगितलं. मामा जिल्हा परिषदेतून लेखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले, मला जमाखर्च त्यांनीच शिकवला. ते म्हणाले, "तरतूद मंजूर असेल तर पैसा येतोच. आला नाही म्हणजे तुमचं नियोजन चुकलं, नाहीतर तुझा हिशोब." मी गप्प बसले. ते मला अजून सलतं.

हिशोब बरोबर होता. मंजुरी आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि युनियनच्या बजेटातही त्या वेगळ्याच छापलेल्या असतात. 2014-2020 च्या त्याच आराखड्यात शब्द द्यायची, म्हणजे मंजुरीची, मर्यादा 96,000 कोटी, पण प्रत्यक्ष पैसे द्यायची साधारण 90,800 कोटी. 2014 संपताना एकट्या प्रादेशिक विकासाच्या खात्यात 2,470 कोटींची बिलं थकली होती. आमचा देणगीदार वेगळा होता, दुखणं हेच. रस्त्याच्या कंत्राटदाराचं बिल तीन महिने थकलं तर तो कुरकुरतो, डिसेंबरातल्या सोब्याला फेब्रुवारीतला पैसा कामाचा नाही.

आणि संकट आलं की बजेट वाकवणं ही बेशिस्त आहे, हे मला मान्यच नाही. आपल्याकडे राज्य सरकार दर अधिवेशनात पुरवणी मागण्या (बजेटानंतरचा जादा खर्च) मांडतं, आकस्मिकता निधी वापरतं. मामांनी स्वतः अख्खी नोकरी पुनर्विनियोजनाचे, म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्याकडे वळवायचे, प्रस्ताव करण्यात घालवली. मग युरोपने सात वर्षांपूर्वीच्या आकड्याला चिकटून का राहायचं?

आधीच जास्त का ठेवत नाहीत? कारण न वाटलेला पैसा एकाही सदस्य देशाला आपला वाटत नाही, म्हणून वाटाघाटीत पहिली कात्री त्यालाच लागते. तरी 2021 पासूनच्या आराखड्यात सदस्य देशांतल्या आपत्ती आणि बाहेरची मदत एकत्र करून वर्षाला 120 कोटींचा राखीव निधी केला (2018 च्या किमतींनी). तोही पुरला नाही. डिसेंबर 2023 मध्ये हंगेरीने अडवलेली आराखड्याची दुरुस्ती 1 फेब्रुवारी 2024 ला मान्य झाली, तेव्हा युक्रेनला 5,000 कोटी मंजूर झाले, त्यातले 3,300 कोटी कर्ज म्हणून.

एक मात्र कबूल करायला हवं. वाकवलेलं बजेट कुणाला तरी चेपतंच. 2024 च्या त्या दुरुस्तीत 1,060 कोटी इतर योजनांतून वळवले, त्यात संशोधनाचे 210 कोटी होते. त्या लोकांची तक्रारही खरी आहे.

तुम्ही लेखा शिकत असाल तर मदतीची कुठलीही घोषणा वाचताना आधी बघा, आकडा मंजुरीचा आहे की रोकडीचा. मला मामांनी तरतुदीची नोंदवही आधी शिकवली, रोकडवही नंतर. मी माझ्या हाताखालच्या मुलांना रोकडवही आधी शिकवते.