त्यांच्या दुःखातून मला उभारी मिळते, मी स्वार्थी आहे का?

"मावशी, जॉब गेल्यावर आठ महिने नुसती घरात पडून होते. मैत्रिणीने ओढून निर्वासितांच्या सेंटरवर नेलं, आता दर शनिवारी तिथे भाषा शिकवते. एक काकू माझ्याकडून पाच शब्द शिकतात आणि मला त्यांचे पाच शिकवतात, माझे उच्चार ऐकून अख्खा वर्ग हसतो. येताना एवढा हुरूप असतो! पण रात्री झोप लागत नाही, वाटतं यांचं घरदार गेलं आणि मी त्यातून प्रेरणा घेतेय. – अस्वस्थ"

अगं, आधी एक सांगते, शनिवार सोडू नकोस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात त्यांच्या दुःखातून तुला काही मिळालंय असं मला कुठेच दिसलं नाही. तुला हुरूप आला तो त्या पाच शब्दांनी. आठ महिने तुझी कोणी वाट बघत नव्हतं, आता एक बाई बघते, आणि तुझं चुकलं की हक्काने हसते. यात स्वार्थ कसला?

मी स्वतः अशा ठिकाणी फॉर्म भरून द्यायचे. पहिल्याच दिवशी चार-पाच जणांची जन्मतारीख लागोपाठ १ जानेवारी आली, मला वाटलं मीच चुकून वरचं खाली उतरवलं. मग कळलं की जन्माची नोंदच नसली किंवा कागद मागे राहिले की बऱ्याचदा १ जानेवारी टाकून देतात. एका आजोबांनी आपणहून सांगितलं, आई म्हणायची, तू पहिल्या बर्फात झालास. पण एका मुलीला मी आगाऊपणे विचारलं, इथवर कशी आलीस गं? तिने मान खाली घालून तारखांसकट घडाघडा सांगितलं, पाठ केल्यासारखं. आश्रय द्यायचा की नाही हे ठरवायच्या मुलाखतीत अधिकारी तेच तेच विचारतात आणि तारीख मागेपुढे झाली तरी शंका घेतात, मीही तिला पुन्हा त्याच खुर्चीत बसवलं होतं. ते मला अजून लागतं. त्यानंतर कोणालाच विचारलं नाही.

तूही विचारू नकोस. फोटो टाकू नकोस, त्यांची माणसं अजून तिकडे अडकलेली असू शकतात. आश्रयाच्या केसबद्दल कोणी विचारलं तर "होईल सगळं नीट" असलं वचन देऊ नकोस, वकिलाकडे पाठव. आणि दया तर अजिबात नको, जिथे जिवाला धोका आहे तिथे परत पाठवायचं नाही हे १९५१ च्या निर्वासित करारातच लिहिलंय, आश्रय मागणं हा त्यांचा हक्क आहे.

झोपेचं मात्र अंगावर काढू नकोस हं. ऐकलेलं मनात साठत असेल तर निघायच्या आधी सेंटरच्या कोऑर्डिनेटरशी दहा मिनिटं बोल, तरीही रात्री जागून जात असतील तर सरळ डॉक्टरांना दाखव. नोकरीही शोधत राहा, तुला सावरायची जबाबदारी त्या वर्गावर नको. नोकरी लागून शनिवार जमेनासा झाला तर दोन-तीन आठवडे आधी सांग, निरोप न घेता सुटलेली माणसं त्यांच्या आयुष्यात आधीच खूप आहेत.

आणि काकूंचे या वेळचे पाच शब्द वहीत लिहून घोकून ठेव बाई, शनिवारी त्या विचारणार आहेत.

– तुझी मावशी